उरलेलं बेसिनमध्ये ओत

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आम्हाला ॲस्पिरिन बनवायला लावलं होतं. मी कॉम्प्युटरचा, त्यामुळे हा विषय पास होण्यापुरताच. सॅलिसिलिक ॲसिड घ्या, ॲसेटिक ॲनहायड्राइड ओता, सल्फ्युरिक ॲसिडचे दोन-चार थेंब, गरम करा, थंड करा, गाळा, वाळवा, वजन करा. जर्नलमध्ये शेवटी एकच आकडा लिहायचा: यील्ड. माझं ७२ टक्के आलं, सरांनी सही केली. गाळल्यावर खाली उरलेलं, व्हिनेगरसारखा वास मारणारं पाणी कुठे टाकू असं विचारलं, तर लॅबमधले काका म्हणाले, "बेसिनमध्ये ओत आणि नळ सोड."

त्या पाण्यासाठी जर्नलमध्ये रकाना नव्हता. तो फक्त आमच्याच जर्नलमध्ये नव्हता असंही नाही. औषधं आणि रंग बनवणाऱ्या रसायनशास्त्राने शंभर-सव्वाशे वर्षं बहुतेक हाच एक आकडा मिरवला. दुसरा रकाना कसा आला, हे शोधताना मी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात पोचलो. म्हणजे ब्राउझरमधून.

नॉटिंगहॅम हे 'बूट्स' या औषध कंपनीचं गाव. १८४९ साली जॉन बूट यांनी तिथे जडीबुटीचं छोटं दुकान काढलं, मुलगा जेसी याने त्याची देशभर साखळी केली. गावातल्या विद्यापीठाचा मोठा कॅम्पस याच जेसी बूटने दिलेल्या जमिनीवर उभा आहे. १९२८ साली राजाच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. स्टुअर्ट ॲडम्स १६व्या वर्षी शाळा सोडून बूट्सच्या दुकानात उमेदवारीला लागले, पुढे याच नॉटिंगहॅममध्ये औषधनिर्माणशास्त्र शिकले. १९५०च्या दशकात कंपनीने त्यांना काम दिलं: संधिवातासाठी ॲस्पिरिनपेक्षा पोटाला सोसेल असं औषध शोधा. जॉन निकल्सन हे रसायनतज्ज्ञ त्यांच्या जोडीला होते. दोघांनी मिळून सहाशेच्या वर संयुगं तपासली. १९६१ साली पेटंटचा अर्ज गेला, १९६९ साली औषध ब्रिटनमध्ये बाजारात आलं. मॉस्कोतल्या एका परिषदेत भाषणाच्या आदल्या रात्री व्होडका जास्त झाली, तेव्हा ॲडम्सनी सकाळी डोकं उतरवायला आपलंच औषध ६०० मिलिग्रॅम घेतलं. उतरलं.

ही गोळी तुम्हीही कधीतरी घेतली असेल. ब्रुफेनमध्ये हेच, कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत हेच: आयब्युप्रोफेन.

बूट्सची ती बनवायची पद्धत सहा टप्प्यांची होती. प्रत्येक टप्प्यात काहीतरी घालायचं, त्याचा एखादा तुकडा रेणूला चिकटायचा, बाकीचं वेगळं काढून टाकायचं. पहिल्या टप्प्यात ॲल्युमिनियम क्लोराइड लागायचं. नावाला कॅटॅलिस्ट, पण ते ढिगाने घालावं लागायचं आणि नंतर पाण्यात विरघळून कचऱ्यात जायचं. तरी प्रत्येक टप्प्याचं यील्ड छान दिसू शकतं. सगळे टेस्ट हिरवे आणि सर्व्हरची डिस्क गळ्यापर्यंत भरलेली, असा प्रकार.

१९९१ साली स्टॅनफर्डच्या बॅरी ट्रॉस्ट यांनी 'सायन्स'मध्ये 'ॲटम इकॉनॉमी' नावाची कल्पना मांडली. यील्ड विचारतं, जेवढा माल निघायला हवा होता त्यातला किती हाती आला? ट्रॉस्ट विचारतात, भांड्यात टाकलेल्या अणूंपैकी मालात किती पोचले? नारळाचं दूध किती निघालं हे सगळेच बघतात. चोथा, करवंटी आणि शेंडीसुद्धा वजनाला लावा, असं हे म्हणणं. गणित अकरावीचं आहे. बूट्सच्या पद्धतीत लागणाऱ्या सगळ्या पदार्थांच्या रेणुभारांची बेरीज साधारण ५१४. आयब्युप्रोफेनचा रेणुभार २०६. म्हणजे ४० टक्के. सगळे टप्पे शंभर टक्के यील्डने झाले तरी ४०० मिलिग्रॅमच्या एका गोळीमागे ६०० मिलिग्रॅम नको असलेलं काहीतरी तयार होणारच. धुवायला वापरलेली द्रावणं यात धरलेलीच नाहीत.

१९८०च्या दशकात पेटंट संपलं आणि आयब्युप्रोफेन कुणीही बनवू शकणार अशी वेळ आली. बूट्सने हेक्स्ट सेलानीज कंपनीशी हातमिळवणी केली, आणि १९९२ साली टेक्सासमधल्या बिशप या गावी नव्या पद्धतीचा कारखाना सुरू झाला. सहाच्या जागी तीन टप्पे. सुरुवातीचा पदार्थ तोच, गोळीही तीच, पण ॲटम इकॉनॉमी ७७ टक्के. उरलेला भाग मुख्यतः एकाच रूपात निघतो: ॲसेटिक ॲसिड. हो, माझ्या बेसिनमधलं व्हिनेगर. तिथे ते गोळा करून वापरतात, आणि ते जमेला धरलं तर आकडा ९९ टक्क्यांवर जातो. १९९७ साली या पद्धतीला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षांच्या नावाने दिला जाणारा ग्रीन केमिस्ट्री पुरस्कार मिळाला.

इथे गोष्ट संपवली असती तर छान वाटलं असतं. पण या हिरव्या पद्धतीत ॲल्युमिनियम क्लोराइडच्या जागी काय आहे? हायड्रोजन फ्लोराइड. काच खाणारं, कातडीतून हाडापर्यंत जाणारं रसायन. ते जवळजवळ सगळं परत मिळवून पुन्हा वापरतात, म्हणून कचऱ्याच्या हिशेबात ते दिसत नाही. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला मात्र ते रोज दिसतं. ॲटम इकॉनॉमी वजन मोजते, धोका मोजत नाही. नवा रकाना आला, पण त्याच्याही बाहेर काहीतरी राहिलंच.

दुसरी खटकणारी गोष्ट पैशाची. कचरा घटला तो स्पर्धेच्या तोंडावर, कमी टप्पे स्वस्त पडले म्हणून. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मग जे स्वच्छ आहे आणि महाग आहे त्याचं काय होतं?

याचं उत्तर नॉटिंगहॅम विद्यापीठातच सापडतं. तिथले प्रा. मार्टिन पोलियाकॉफ तुम्ही यूट्यूबवर पाहिले असतील, 'पीरिऑडिक व्हिडिओज'मधले पिंजारलेल्या पांढऱ्या केसांचे सर. त्यांच्या गटाचं काम घातक द्रावणांऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरण्यावर. ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि हवेच्या ७३ पटींहून जास्त दाबाखाली हा वायू धड वायूही राहत नाही, धड द्रवही नाही, पण पदार्थ विरघळवतो. दाब सोडला की निघून जातो, गाळायला काही उरत नाही. थॉमस स्वान या कंपनीने २००२ साली कॉन्सेट इथे या तंत्राचा कारखाना उभारला. तंत्र चाललं. पण तो दाब सांभाळायला लागणारी ऊर्जा महाग पडली आणि जुन्या पद्धतीपुढे त्याचा धंदा टिकला नाही. ॲडम्सच्या गोळीला पेटंट संपण्याचं भाग्य लाभलं, तसं काही याच्या वाट्याला आलं नाही.

विद्यापीठाने पुढे हरित रसायनशास्त्रासाठी वेगळी प्रयोगशाळा बांधायला घेतली, जिथे पूर्वी रॅले सायकलींचा कारखाना होता त्या परिसरात. (आजोबांसमोर 'रॅले' म्हणून बघा, चेहरा खुलतो.) २०१० साली औषध कंपनी ग्लॅक्सोने त्यासाठी १.२ कोटी पौंड जाहीर केले. इमारत मुख्यतः लाकडाची, कारण सिमेंट आणि पोलाद बनवताना खूप कार्बन सुटतो. बांधताना जेवढा कार्बन खर्ची पडेल तेवढा २५ वर्षांत वाचवलेल्या ऊर्जेतून फेडायचा, असा हिशेब मांडला होता.

१२ सप्टेंबर २०१४च्या रात्री बांधकाम अर्ध्याहून जास्त झालेलं असताना ती पेटली आणि जवळजवळ सगळी जळाली. कुणी दगावलं नाही. विद्यापीठाने ती त्याच जागी पुन्हा बांधली, पुन्हा लाकडाचीच, आणि २०१७ साली ती उघडली. हे वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो जर्नलवाला: २५ वर्षांच्या त्या हिशेबात आधीच्या, जळून गेलेल्या इमारतीचं लाकूड धरायचं की नाही?