हॅलिफॅक्सच्या चर्चचा दगड का झिजला?

इंग्लंडमधील हॅलिफॅक्स हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचे शहर. तेथील गिरणीमालक एडवर्ड अ‍ॅक्रॉइड यांनी १८५६ मध्ये स्वखर्चाने 'ऑल सोल्स' हे पॅरिश चर्च बांधावयास घेतले. वास्तुरचनाकार होते जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबईचा राजाबाई टॉवर पुढे त्यांच्याच आराखड्यावरून उभा राहिला. १८५९ मध्ये २३६ फूट उंच मनोऱ्याचे हे चर्च पूर्ण झाले. स्कॉट यांनी ते आपले सर्वोत्तम चर्च मानले. मात्र बांधकामात चुनखडक आणि वालुकाश्म शेजारी शेजारी बसविले होते. धुराने आम्लयुक्त झालेल्या पावसात चुनखडक विरघळे आणि त्याचे क्षार वालुकाश्मात मुरून त्यालाही पोखरीत. ज्या गिरण्यांच्या नफ्यातून चर्च उभे राहिले, त्यांच्याच धुराड्यांनी त्याचा दगड खाल्ला.