लाख चुली, पन्नास हजार, तीस हजार

उकिडवे बसा आणि चुलीत हात घाला. राख अजून कोमट आहे. पिवळ्या मातीत वीतभर खोल खड्डा, काठावर राळ्याचे करपलेले दाणे चिकटलेले. शेजारी तशीच दुसरी चूल, तिच्या शेजारी तिसरी, आणि नजर पोचेल तिथवर हेच. त्या मोजायचं काम तुमचं. वेई राज्याच्या सैन्यात तुम्ही कारकून आहात, साल इ.स.पू. 341, आणि सेनापती पांग ज्वान यांना दिवस मावळायच्या आत आकडा हवा आहे.

एकेक चूल मोजत बसायला वेळ कुणाला आहे? तुम्ही शंभर पावलांची एक पट्टी आखता, तेवढ्यातल्या चुली मोजता, तळाची लांबी-रुंदी चालून काढता आणि बांबूच्या मोजकाड्या जमिनीवर मांडून गुणाकार करता. लाखभर. एका चुलीवर पाच जण जेवले असं धरलं तर पाच लाखांची फौज होते, आणि ती शत्रूला, छी राज्याला, झेपली असेल यावर विश्वास बसत नाही. हा आकडा आपल्यापर्यंत आणला सिमा छियान या इतिहासकाराने, घटनेनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. आकड्यांच्या बाबतीत त्याचा हात सढळ होता. पण आत्ता तुम्ही त्याच्याच गोष्टीत उभे आहात, तेव्हा लाख म्हणजे लाख.

इथे कसे पोचलात ते थोडक्यात. वेईने एका शेजाऱ्यावर चढाई केली, शेजाऱ्याने छीकडे मदत मागितली. छीचं सैन्य शेजाऱ्याकडे गेलंच नाही; ते निघालं थेट वेईच्या राजधानीकडे, दालियांगकडे, म्हणजे आजच्या खायफंगकडे. पांग ज्वान चढाई अर्धवट टाकून माघारी धावले. आता छीचं सैन्य पुढे आणि तुम्ही त्याच्या मागावर.

दुसऱ्या मुक्कामावर पन्नास हजार चुली भरतात. तिसऱ्यावर तीस हजार. हा आकडा तंबूत सांगता तेव्हा सेनापतींचा चेहरा खुलतो. छीचे लोक भित्रे, हे ते आधीपासूनच म्हणत आले होते. वेईच्या हद्दीत पाऊल टाकून तीन दिवस झाले नाहीत तोच निम्म्याहून जास्त पळाले! हुकूम सुटतो: पायदळ मागे राहू दे, निवडक हलकी तुकडी घेऊन रात्रंदिवस पाठलाग करायचा.

तुम्ही आलात एकविसाव्या शतकातून, पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तंबूच्या दाराशी थांबून एवढंच विचारावंसं वाटतं, की साहेब, सत्तर हजार चुलींवर जेवणारी माणसं पळाली म्हणता, तर ती गेली कुठे? वाटेत एक तरी पळपुटा हाती लागला का? फेकून दिलेलं एक तरी धनुष्य दिसलं? पण हे विचारून काही उपयोग झाला असता असं मला वाटत नाही. तुमचा आकडा चोख आहे, चुली खरोखरच कमी होत गेल्या आहेत. पांग ज्वान यांनी त्यातून जे काढलं ते आकडा यायच्या आधीपासूनच त्यांच्या मनात तयार होतं.

आणि हे समोरच्याला माहीत होतं. छीच्या सैन्यात झाकलेल्या गाडीत बसून सल्ला देणारा सुन बिन हा पांग ज्वान यांचा गुरुबंधू. दोघे एकत्र युद्धशास्त्र शिकले. पुढे पांग ज्वान वेईचे सेनापती झाले, सुन बिन आपल्याला मागे टाकेल या धास्तीने त्यांनी त्याला बोलावून घेतलं, खोट्या आरोपात अडकवलं, त्याचे पाय कायमचे निकामी केले आणि चेहऱ्यावर गुन्हेगाराचं गोंदण उमटवलं. छीच्या एका दूताने त्याला चोरून बाहेर काढलं. ज्या माणसाने आपलं इतकं वाटोळं केलं त्याचा स्वभाव सुन बिनइतका कुणी अभ्यासला असणार? वेईचे लोक छीला भित्रं समजतात, तर समजू दे, तेच वापरू. त्याची सगळी आखणी एवढ्यावर उभी होती.

पाठलागात पुढे लागणारी मालिंगची वाट अरुंद आहे, दोन्ही बाजूंना अडचणीची जागा. तुम्ही पोचता तेव्हा अंधार पडलेला. पुढे एका मोठ्या झाडाची साल सोललेली दिसते, पांढऱ्या बुंध्यावर काहीतरी लिहिलंय. सेनापती वाचण्यासाठी उजेड मागवतात. तुम्ही मागे सरका. त्या बुंध्यावर त्यांचंच नाव आहे, आणि याच झाडाखाली ते मरणार असं लिहिलेलं आहे. दोन्ही अंगांना धनुर्धारी दबा धरून आहेत, पायाने ताणून काशाच्या चापावर अडकवलेली धनुष्यं रोखून, आणि त्यांना एकच हुकूम आहे: उजेड दिसला की सोडा. मजकूर पुरता वाचून होत नाही तोच बाण सुटतात. पांग ज्वान स्वतःचा गळा चिरतात. वेईचा युवराज कैद होतो.

आता साडेचारशे वर्षं पुढे या. इ.स. 115, हान साम्राज्याची पश्चिम सरहद्द. यू शू नावाचा नवा अधिकारी मूठभर लोकांनिशी आपल्या जागेवर रुजू व्हायला निघाला आहे आणि मागे च्यांग टोळ्यांचे हजारो लोक लागले आहेत. संध्याकाळी तुम्हाला हुकूम येतो की प्रत्येकाने दोन चुली करायच्या. एकट्यासाठी दोन! तुम्ही मुकाट्याने खणता. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. शेवटी कुणीतरी धीर करून विचारतं, की सुन बिनने चुली कमी केल्या, तुम्ही वाढवताय, आणि शास्त्रात सांगितलंय त्याच्या कितीतरी पट वेगाने पळवताय, हे कसं? यू शूचं उत्तर असं, की शत्रू जास्त आहेत आणि आपण थोडे, रेंगाळलो तर गाठतील. चुली वाढताना दिसल्या की त्यांना वाटेल आपल्याला कुमक मिळतेय. सुन बिनला दुबळं दिसायचं होतं, मला बळकट दिसायचंय, परिस्थितीच वेगळी आहे. च्यांग जवळ यायला धजले नाहीत. विमानतळावरच्या दुकानांत व्यवस्थापनाच्या नावाखाली चिनी युद्धनीतीची जी पुस्तकं मिळतात त्यांतल्या बहुतेकांपेक्षा हे उत्तर मला मोलाचं वाटतं.

वाटेत 1944 साली इंग्लंडच्या केंट परगण्यात डोकावून घ्या. रबरी रणगाडे हवा भरून उभे केलेत, खोट्या नौका किनाऱ्याला लावल्यात, आणि अस्तित्वातच नसलेल्या सैन्याचे बिनतारी संदेश दिवसभर चालू आहेत. दोस्तांचा खरा हल्ला कॅलेवरच होणार असं जर्मनांचं आधीपासून मत होतं, त्यामुळे त्यांना नवीन काही पटवायची गरजच पडली नाही. 6 जूनला सैन्य नॉर्मंडीत उतरलं तरी जर्मनांची पंधरावी आर्मी कित्येक आठवडे कॅलेच्या भागात वाट बघत राहिली. सुन बिनचा युद्धशास्त्रावरचा ग्रंथ मात्र तेव्हा जमिनीखाली होता, शेकडो वर्षं कुणाच्या नजरेला पडला नव्हता.

तो सापडला 1972च्या एप्रिलमध्ये, शांडोंग प्रांतातल्या लिन्यी इथे, यिनछ्वेशान टेकडीवरच्या एका बांधकामात. हानकाळातली थडगी लागली. आत उतरलात तर पाण्यात कुजून काळ्या पडलेल्या बांबूच्या पट्ट्या दिसतील, जुन्या खराट्याच्या काड्यांसारख्या, एकमेकींना चिकटलेल्या. हजारो पट्ट्या. त्यांच्यावर युद्धशास्त्राचा प्रसिद्ध ग्रंथकार सुन त्झू याचा ग्रंथ होता आणि सुन बिनचाही. हे दोघे एकच असावेत असं म्हणणाऱ्यांचं तोंड त्या दिवशी बंद झालं.

पण त्या पट्ट्यांनी एक पेचही टाकला. त्यांत मालिंगच्या झाडाखाली मेलेले पांग ज्वान नाहीत. ते बारा वर्षं आधी, इ.स.पू. 353 मध्ये, गुइलिंगला जिवंत पकडले गेले असं तिथे आहे. ग्रंथातल्या त्या प्रकरणाचं नावच पांग ज्वान यांना पकडण्यावरून दिलेलं. पकडून मग सोडून दिलं असेल, असं काही अभ्यासक म्हणतात. असेल. मला मात्र सोललेल्या झाडाचा प्रसंग सिमा छियानच्या लेखणीतून उतरलेला वाटतो. तुम्ही नुकतेच त्या झाडाखालून आलात, तेव्हा वाद तुमचा तुम्ही घाला.

आणि मग गुइलिंगलाच या. यावेळी तुम्ही छीच्या बाजूला आहात, जिंकणाऱ्या बाजूला, गाओतांग शहराच्या तुकडीत भालाईत. पिंगलिंगवर हल्ला करायचा हुकूम आहे. जागा बळकट आहे, तिथवर जाणारी रसद सहज तोडता येते, हे तुमच्या तुकडीतल्या पोरसवद्यालाही कळतंय. सुन बिनलाही कळतंय. त्याने सेनापती तियान जी यांना विचारून घेतलं आहे की शहरांच्या अधिकाऱ्यांपैकी युद्धातलं ज्यांना काही कळत नाही असे कोण. दोन नावं आली: छीचंग आणि गाओतांग. त्यांनाच पाठवा, म्हणाला. ते हरले की पांग ज्वान यांची खात्री पटेल की छीकडे डोकं चालवणारं कुणी नाही.

तुम्ही भाला उचलता, कारण रांग हलली आहे.

पिंगलिंग पडत नाही. दोन्ही तुकड्यांचा धुव्वा उडतो. तियान जी विचारतात, हल्ला फसला, माणसं गेली, आता पुढे काय? सुन बिनचं उत्तर पट्टीवर शाबूत आहे: हलके रथ दालियांगच्या वेशीपर्यंत दामटा, पांग ज्वान यांना राग येऊ द्या, आणि मागे पायदळ थोडंच ठेवा, म्हणजे आपण दुबळे दिसू. त्या उत्तरात गाओतांगच्या माणसांचा उल्लेख नाही.