चालत्या मळणीतला बैल

मागच्या खेपेला प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की संगणक चालू असताना त्यातला एखादा प्रोसेसर काढून घेतला तर काय होतं? आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर. तेव्हा उत्तर टाळलं आणि घरी जाऊन वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं, की प्रश्न यंत्राचा कमी आणि आमच्याच विषयाचा जास्त आहे.

आपल्या नगर जिल्ह्यात ज्यांनी बैलांची मळणी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. खळ्याच्या मधोमध तिवडा, त्याला बांधलेली बैलांची पात गोल फिरते आहे. मधला एक बैल दमला. त्याला सोडवायचं तर क्षणभर सगळी पात थांबवावी लागते. नवा बैल जोडणं त्या मानाने सोपं. काढण्यातच खरी अडचण, कारण जो फिरतो आहे त्याच्यावर बाकीच्यांची चाल अवलंबून असते.

इतिहास बघायचा तर सुरुवात १९७४ पासून करावी. त्या वर्षी अमेरिकेत टँडेम नावाची कंपनी निघाली आणि १९७६ साली तिचं पहिलं यंत्र एका बँकेत गेलं. कल्पना अशी, की प्रत्येक महत्त्वाच्या कामाची जोडी ठेवायची. एक काम करणार, दुसरं दुसऱ्या प्रोसेसरवर तयारीत उभं. पहिला आपल्या कामाचा हिशेब वेळोवेळी दुसऱ्याला कळवत राहतो. शिवाय प्रत्येक प्रोसेसर दर सेकंदाला बाकीच्यांना ‘मी आहे’ असा निरोप धाडतो. निरोप यायचा थांबला की समजायचं, गडी गेला. मग जोडीदार काम उचलतो, आणि बिघडलेला भाग यंत्र चालू असतानाच बदलता येतो.

आणि हे काही फक्त परदेशातलं नाही बरं का. १९९५ साली मुंबईच्या शेअर बाजाराने दलाल स्ट्रीटवरची ओरडून चालणारी खरेदी-विक्री बंद करून ‘बोल्ट’ ही संगणकी पद्धत आणली, ती टँडेमच्याच यंत्रावर. कल्पना करा, बाजार ऐन भरात आहे आणि एक प्रोसेसर गेला. कुणाचा सौदा झाला, कुणाचा राहिला, याचं उत्तर यंत्राला देता आलंच पाहिजे.

टँडेमचं यंत्र मुळातच या कामासाठी घडवलेलं होतं. लिनक्सचं तसं नव्हतं. लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, यंत्र सुरू होताना जेवढे प्रोसेसर मोजले तेवढे शेवटपर्यंत राहणार असंच धरलेलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या रस्टी रसेल आदींनी यावर काम सुरू केलं आणि २००४ च्या सुमारास ही सोय मूळ कर्नलमध्ये आली. प्रोसेसर काढायचा तर आधी त्याच्याकडे नवं काम जाणं बंद करायचं, हातातली कामं, घड्याळाचे गजर, बाहेरून येणाऱ्या हाका, सगळं शेजाऱ्यांकडे सोपवायचं, आणि मगच त्याला सोडायचं. शेवटच्या पायरीला लिनक्स आजही क्षणभर सगळे प्रोसेसर थांबवतं. अगदी आपली पात! इंटेल जातीच्या यंत्रांवर शून्य क्रमांकाचा प्रोसेसर मात्र काढता येत नाही. मध्यंतरी तशी सोय केली होती, ती २०२३ मध्ये काढून टाकली. तिवड्याजवळचा बैल म्हणा ना.

पण आम्ही थबकलो ते वेगळ्याच ठिकाणी. कर्नल प्रोसेसरांच्या वेगवेगळ्या याद्या ठेवतं : संभाव्य, उपस्थित, कार्यरत, सक्रिय वगैरे. ‘असणं’ एकाच प्रकारचं नसतं, हे तिथं हिशेबाच्या वहीत लिहिलेलं आहे! आमच्या नैयायिकांनी अभावाचे प्रकार केले. घडा अजून घडलाच नाही तो प्रागभाव, फुटला तो प्रध्वंसाभाव, आणि जो कधीच नाही तो अत्यंताभाव. (अन्योन्याभाव आज बाजूला ठेवू, तो फार वेळ खातो.) विद्यार्थी विचारायचे, सर, नसलेल्या गोष्टीचे प्रकार कशाला? त्यांना आता सांगावंसं वाटतं, की न आलेल्या प्रोसेसरसाठी कर्नल सुरुवातीलाच जागा राखून ठेवतं. गेलेल्याची आवराआवर करावी लागते. आणि जो संभाव्य यादीतच नाही, तो नंतर आणून जोडला तरी घेतला जात नाही.

आवराआवरीतच बरीच वर्षं घोळ होता. येण्याची आणि जाण्याची बातमी सगळ्या विभागांना एकाच क्रमाने दिली जाई. घर बांधताना पाया आधी हे ठीक, पण उतरवतानाही पायापासूनच सुरुवात? शिवाय मध्येच काही अडलं तर कुठवर मागं यायचं, तेही स्पष्ट नसे. जर्मनीच्या थॉमस ग्लाइक्सनर यांच्या पुढाकाराने ही रचना पालटली आणि २०१६ च्या ४.६ या आवृत्तीपासून पायऱ्यांची नवी मांडणी आली. चढताना ज्या क्रमाने चढायचं, त्याच्या उलट उतरायचं. कुठं अडलं तर तिथूनच मागं फिरायचं. एवढी साधी गोष्ट रुळायला बारा वर्षं गेली. आम्हाला यात कुणाची चूक दिसत नाही. येणाऱ्याची तयारी माणूस आधी करतो, जाणाऱ्याची नंतर सुचते.

मेमरीचं प्रकरण याहून चिवट. ती जोडण्याची सोय २००५ च्या सुमारास आली. काढायची तर तिच्यातला मजकूर आधी दुसरीकडे हलवायला हवा. तुमच्या-आमच्या प्रोग्रॅमचा मजकूर हलवता येतो, कारण त्यांचा पत्ता एका तक्त्यातून जातो. तक्ता बदलला की झालं, प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. पण कर्नलचा स्वतःचा बराच मजकूर थेट जागेला बांधलेला असतो. नेवाशाचा पैसाचा खांब आठवा. तो हलवायचा नाही, देऊळ त्याच्याभोवती बांधायचं. मेमरी बहुधा १२८ एमबीच्या तुकड्यांनी मोजतात, आणि अशा तुकड्यात एक जरी खांब असला तरी सगळा तुकडा अडतो. म्हणून २००७ मध्ये एक वेगळा विभाग राखण्याची सोय झाली, जिथं कर्नलने आपले खांब रोवायचे नाहीत.

त्या श्रोत्यांना वाटलं असेल, हे मोठ्या यंत्रांचं चाललं आहे. तसं नाही. लिनक्स असलेला लॅपटॉप मिटला आणि तो जुन्या पद्धतीच्या गाढ झोपेत गेला, तर कर्नल एक सोडून बाकीचे सगळे प्रोसेसर याच रीतीने एकेक करून सोडवतं, आणि झाकण उघडलं की पुन्हा जोडून घेतं.