पहिलं होल्स्टर, उसाचं बिल आणि दादासाहेब मावळंकर

तर झालं असं की गेल्या शनिवारी सकाळी शिराळ्याहून मामेभावाचा फोन आला. बारावीत आहे. गेले सहा महिने दर रविवारी पेठ नाक्यावर एसटी बदलून कोल्हापूरला पिस्तूल शूटिंग शिकायला जातो. म्हणाला, "दादा, पहिलं होल्स्टर घ्यायचंय. कमरेला लावायचं बघू की मांडीला? चामड्याचं की प्लास्टिकचं? पप्पा म्हणालेत, कारखान्याचं बिल आलं की देतो."

आता मी पडलो कोडगा माणूस (म्हणजे कोड लिहिणारा हो :)). म्हटलं, एक्सेलमध्ये तुलनेचा तक्ता टाकू, अर्ध्या तासाचं काम. पण वाचत गेलो आणि शनिवार-रविवार दोन्ही त्यातच गेले. शेवटी लक्षात आलं की रिक्वायरमेंटच चुकीची आहे. तो जे शूटिंग शिकतोय त्यात होल्स्टर लागतच नाही. का लागत नाही, याची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे.

गंमत म्हणजे होल्स्टर ही चीज मुळात माणसाच्या कमरेची नव्हतीच, घोड्याची होती. जुनी पिस्तुलं म्हणजे वजनदार धूड. घोडेस्वार ती खोगिराला अडकवलेल्या चामडी पिशवीत ठेवायचे. अमेरिकेत कोल्टचं 'ड्रॅगून' रिव्हॉल्व्हर निघालं, ते जवळजवळ दोन किलोचं. तेही खोगिरावरच बसायचं. १८५१ साली कोल्टने हलकं 'नेव्ही' मॉडेल काढलं आणि पिस्तूल आरामात कमरेवर आलं. आपल्याकडचा किस्सा त्याच सुमाराचा. १८५८ मध्ये, उठावाच्या धामधुमीत, सॅम ब्राऊन नावाच्या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याचा डावा हात तुटला. एका हाताने तलवार उपसायची तर म्यान हलता कामा नये, म्हणून त्याने खांद्यावरून तिरका पट्टा घेतला. त्याच पट्ट्याला पिस्तूलही लागलं. परेडला पोलीस अधिकाऱ्यांच्या छातीवर जो तिरका पट्टा दिसतो ना, तो हाच.

म्हणजे होल्स्टर कुणासाठी? जो हालचाल करतोय, ज्याला हात मोकळे हवेत आणि वेळ आली की झटकन पिस्तूल काढायचंय, त्याच्यासाठी. घोडेस्वार, शिपाई, पोलीस.

स्पर्धेतलं पिस्तूल मात्र वेगळ्याच घरात वाढलं. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाच्या स्पर्धा होत्या. ऑलिंपिक पुन्हा सुरू करणारा कुबेर्तँ स्वतः पिस्तूल नेमबाज! १९०७ साली या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, तीच आजची आयएसएसएफ. या घराण्यात नेमबाज जागचा हलत नाही. पिस्तूल रेंजवर येतं ते पेटीतून, रिकामं. समोरच्या टेबलावर ठेवलं जातं, नळीत सेफ्टी फ्लॅग. हुकूम झाल्याशिवाय गोळी भरायची नाही. पिस्तूल एकाच हाताने धरायचं आणि मनगटाला कसलाही आधार चालत नाही.

मग झटकन पिस्तूल काढण्याचा थरार नाहीच का? आहे की! २५ मीटर पिस्तूल प्रकार घ्या. पहिल्या ३० गोळ्या निवांत, पाच-पाचच्या मालिकेत, प्रत्येक मालिकेला पाच मिनिटं. पुढच्या ३० ला खरी परीक्षा. लक्ष्य ३ सेकंद दिसतं, मग ७ सेकंद गायब. त्या ७ सेकंदांत हात खाली आणायचा, उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंतच ठेवायचा. लक्ष्य दिसलं की हात वर, नेम, गोळी... सगळं ३ सेकंदांत. होल्स्टरमधून पिस्तूल काढण्याच्या जागी इथे हात उचलणं आहे. बस्स.

आता हे घराणं भारतात कसं आलं? इंग्रजांनी १८७८ चा शस्त्र कायदा आणला. तेव्हापासून परवान्याशिवाय हत्यार बाळगणं सामान्य हिंदी माणसाला बंद. कमरेला पिस्तूल हे साहेबाचं नाहीतर फौजदाराचं लक्षण. स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. संस्थापक अध्यक्ष कोण? लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर! घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, वकिली अहमदाबादेत, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेला माणूस. हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला. गांधीवाद्याने रायफल असोसिएशन काढावी? पण थोडा विचार केला तर विसंगती वाटत नाही. शिस्तीत, रेंजवर, कागदी लक्ष्यावर चालणारा खेळ आहे हा. आजही त्यांच्या नावाची अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी पायरी आहे. म्हणजे आमच्या भावाला पुढे जायचं असेल, तर ते नाव त्याच्या वाटेत येणारच.

आणि हे घराणं आपल्या भागाला चांगलंच मानवलंय, बरं का. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलच्या जोडीत अनिसा सय्यद आणि कोल्हापूरची राही सरनोबत यांनी सुवर्ण मिळवलं. २०१३ मध्ये कोरियात चांगवॉनला राहीने विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरी ३४-३४ अशी बरोबरीत, शूटऑफही एकदा बरोबरीत, आणि मग सुवर्ण. आशियाई सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. हे सगळं कमरेला काहीही न लावता!

मग पोरांच्या डोक्यात होल्स्टर येतं कुठून? व्हिडिओंमधून. ते दुसरं घराणं. जेफ कूपर नावाच्या माजी मरीन अधिकाऱ्याने १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेम मारायच्या स्पर्धा चालवल्या, आणि १९७६ साली त्यातून आयपीएससी ही संघटना उभी राहिली. तिथे पळायचं, वळायचं, दोन्ही हातांनी पिस्तूल धरायचं. तिथे होल्स्टर हा जिवाशी संबंधित प्रश्न आहे. पिस्तूल आत असताना बोट ट्रिगरपर्यंत पोचता कामा नये, हा नियमच आहे. काखेतलं होल्स्टर बाद, कारण काढताना नळी बाजूच्या माणसांवरून फिरते. पिस्तूल हातातून पडलं की स्पर्धेतून बाहेर. तिथे जाणाऱ्याने पहिलं होल्स्टर घ्यावं ते आपल्याच मॉडेलच्या मापाचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं, तोंड न मिटणारं (म्हणजे एका हाताने पिस्तूल परत ठेवता येतं), आणि सोबत ताठ पट्टा. मऊ पट्ट्यावर चांगलं होल्स्टरही लोंबकळतं. 'सगळ्यांना बसेल' असं लिहिलेलं तर अजिबात नको.

रविवारी रात्री भावाला फोन करून हे सगळं ऐकवलं. पलीकडे शांतता. मग बारीक आवाजात, "म्हणजे कमरेला काहीच नाही?" मला एकदम नागपंचमीची यात्रा आठवली. दोघांनी टिकल्यांची पत्र्याची पिस्तुलं घेतली होती, आणि चड्डीच्या नाड्यात खोचून गावभर हिंडलो होतो. त्याचं दुःख मला कळलं हो.

म्हटलं, पैसे वाचले असं समजू नकोस. ते मुठीला लागतील. तुमच्या पिस्तुलाची लाकडी मूठ मापाने मिळते, डाव्या-उजव्या हाताची वेगळी. ती कानशीने घासून, कुठे लांबी भरून हाताच्या खळग्याला बसवावी लागते. टेबलावरून उचललं की पिस्तूल दरवेळी तसंच हातात बसलं पाहिजे. कारोली ताकाच या हंगेरियन सैनिकाचा उजवा हात १९३८ मध्ये बॉम्बने निकामी झाला. त्याने डाव्या हाताने पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९४८ व १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवली. हाताची ओळख नव्याने करून घेता येते, पण वेळ द्यावा लागतो.

"आणि बूट?" साहेबांचा पुढचा प्रश्न. घोट्याच्या खालचेच घे, घोटा झाकणारे चालत नाहीत.

असो. मामाला सांगितलंय, बिल आलं तरी घाई करू नका. आधी कोचला मूठ दाखवू दे, मग पैसे काढा. मामा म्हणाला, "बरं झालं बाबा. कमरेला ते लावून पोरगं स्टँडवर उतरलं असतं, तर अख्ख्या गावाला उत्तरं मीच देत बसलो असतो!"