पहिली उतारी : एका संकेतभाषेचा इतिहास

पत्त्यांच्या खेळावर वाङ्मयाच्या अभ्यासकाने लिहावे असे सहसा घडत नाही. परंतु ब्रिजमधील पहिल्या उतारीचा इतिहास पाहू लागलो की आपल्या ओळखीचेच प्रश्न समोर येतात. एखादे चिन्ह अर्थ कसे धारण करते, तो अर्थ कोणाच्या मालकीचा असतो, आणि ज्या कारणासाठी नियम जन्मला ते कारण नाहीसे झाल्यावरही नियम का टिकतो? व्याकरणाच्या इतिहासात हे प्रश्न आपण विचारतोच. येथे ते तेरा पानांच्या हाताविषयी विचारायचे आहेत.

आधी प्रसंग समजून घेऊ. बोली संपलेली असते. ज्या पक्षाची बोली ठरली त्यातील एक जण डाव खेळणार असतो. त्याच्या डावीकडील प्रतिस्पर्ध्याने पहिले पान उतरायचे. त्यानंतरच खेळणाऱ्याच्या भिडूची, म्हणजे डमीची, तेरा पाने सर्वांसमोर उघडी मांडली जातात. पुढील प्रत्येक निर्णय स्वतःची आणि डमीची अशी सव्वीस पाने ठाऊक असताना घेतला जातो. पहिली उतारी मात्र केवळ स्वतःच्या तेरा पानांवर आणि ऐकलेल्या बोलीवर करावी लागते. अनेक डावांचा निकाल याच आंधळ्या क्षणी लागतो.

या क्षणासाठीचे नियम ब्रिजने घडवले नाहीत. ते व्हिस्टकडून वारशाने आले. एडमंड हॉइल याने १७४२ मध्ये लंडनमध्ये व्हिस्टवरील आपली छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली, तेव्हापासून कोणत्या हातातून कोणते पान उतरावे याची चर्चा छापील स्वरूपात सुरू आहे. व्हिस्टमध्ये बोली नव्हती. वाटणाऱ्याचे शेवटचे पान उलटले जाई आणि त्यावरून हुकूम ठरे. डमीही नव्हती, चारही हात झाकलेले. अशा खेळात भिडूला काही सांगायचे तर पानांवाचून दुसरी वाणीच नव्हती. म्हणून उतारी ही केवळ चाल राहिली नाही, ती उच्चार झाली. हा फरक ध्यानात ठेवला नाही तर पुढचा सारा वाद निरर्थक वाटेल.

हेन्री जोन्स हा लंडनमधील डॉक्टर ‘कॅव्हेंडिश’ या नावाने लिहीत असे. १८६२ मध्ये त्याने व्हिस्टची तत्त्वे कारणांसह मांडली. आपल्या सर्वांत लांब रंगातून उतरावे, हे त्याच्या पंथाचे मुख्य सूत्र. त्या रंगात पाच पाने असतील तर शेवटून दुसरे उतरावे असा संकेत रूढ झाला. सहा असतील तर शेवटून तिसरे, अशी भर जनरल ड्रेसन याने घातली. न्यू ऑर्लिन्सच्या निकोलस ट्रिस्ट याने या विखुरलेल्या सूत्रांमागचे एकच सूत्र दाखवले: चारांतील शेवटचे, पाचांतील शेवटून दुसरे, सहांतील शेवटून तिसरे ही सारी वरून मोजली तर चौथीच पाने आहेत! अपवादांच्या यादीतून एक नियम निघाल्यावर वैयाकरणाला जो आनंद होतो, तोच कॅव्हेंडिशच्या १८८५ च्या पुस्तकात दिसतो. या पद्धतीला त्याने ‘अमेरिकन उताऱ्या’ म्हटले.

विरोधही तितकाच तिखट झाला. ‘पेम्ब्रिज’ या टोपणनावाच्या लेखकाने १८८४ मध्येच व्हिस्टच्या ऱ्हासावर आणि पतनावर पुस्तिका लिहिली होती. शीर्षकात गिबनच्या रोमन साम्राज्याची सावली होती; थट्टा होती आणि तक्रारही. खेळाडूची विवेकबुद्धी संपून पाठांतर उरेल, हे विरोधकांचे म्हणणे. हा आक्षेप पुराणमतवादी म्हणून उडवून लावता येणार नाही असे मला वाटते. संकेत जितका काटेकोर, तितके त्याबाहेर बोलणे अवघड, हे काव्यशास्त्राच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

तोवर आर. एफ. फॉस्टर याने १८९० च्या सुमारास अकराचा नियम मांडला. उतरलेले पान वरून चौथे असेल तर त्याचा अंक अकरातून वजा करावा. जे उरेल तितकीच त्याहून मोठी पाने उरलेल्या तीन हातांत असतात. समजा, इस्पिकची राणी, दश्शी, अठ्ठी व सत्ती हातात असताना सत्ती उतरली. अकरातून सात गेले, उरले चार. डमीत एक्का, नव्वी, दुर्री पडली आणि भिडूच्या हातात राजा, गुलाम, चौकी आहेत. म्हणजे चारही पाने भिडूला दिसली. खेळणाऱ्याकडे सत्तीवरचे एकही पान नाही! डमीतून दुर्री पडली तर भिडू निर्धास्तपणे चौकी टाकतो आणि सत्तीवर हात होतो. पण वजाबाकी खेळणाऱ्यालाही येते. भिडूला सांगितलेली गोष्ट शत्रूलाही सांगितली जाते, ही या भाषेची अट आहे आणि माझ्या मते तिचे सौंदर्यही.

पुढे खेळ बदलला. ऑक्शन ब्रिज आला. १९२५ मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर हॅरल्ड व्हँडरबिल्टने काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती पारखली. आता भिडूशी बोलायला बोली होती. १९२९ मध्ये थिओडोर लाइटनर याने तर बोलीतूनच उतारी सुचवण्याची युक्ती काढली: प्रतिस्पर्ध्यांच्या स्लॅमला भिडूने ‘डबल’ म्हटले तर नेहमीचे पान उतरू नये, अनपेक्षित उतरावे. बहुधा त्याच्या हातात एक रंग मुळीच नसतो आणि त्याला हुकूम मारायचा असतो. तरीही बिनहुकमी डावात लांब रंगातील चौथे पान हा व्हिस्टचा संस्कार पाठ्यपुस्तकांतून हलला नाही.

या भाषेची उघडपणाची अट मोडण्याचा मोह सर्वांत जास्त कोठे होणार, हे उघड आहे. १९६५ मध्ये ब्यूनस आयर्स येथे टेरेन्स रीस व बोरिस शापिरो यांच्यावर बोटांनी बदामांची संख्या कळवल्याचा आरोप झाला. जागतिक संघटनेने त्यांना दोषी ठरवले, ब्रिटनमधील चौकशीने १९६६ मध्ये निर्दोष. वाद मिटला नाही. २०१५ मध्ये इस्रायलच्या फिशर–श्वार्ट्झ जोडीचे प्रकरण आले. पाने ठेवण्याचा फलक टेबलावर कोठे सरकवला जातो यावरून हवा असलेला रंग कळवला जातो, असे चित्रफितींच्या अभ्यासातून निष्पन्न झाले आणि २०१६ मध्ये युरोपीय संघटनेने दोघांवर बंदी घातली. फलकाने सांगितले ते एवढेच: कोणता रंग उतर. पण ते चौघांपैकी दोघांनाच ऐकू आले.

डेव्हिड बर्ड आणि टॅफ अँथियास यांनी २०११ व २०१२ मध्ये संगणकावर हजारो डाव खेळवून उताऱ्या तपासल्या. एकट्या मानाच्या पानाखालून, विशेषतः चार पानी रंगातून, केलेली आक्रमक उतारी परंपरा मानते त्याहून महाग पडते, असे त्यांना आढळले. सुरक्षित, निष्क्रिय उतारी आणि प्रसंगी दोनच पानांच्या मोठ्या रंगातील उतारी अधिक फलदायी ठरते. निष्कर्ष मोलाचे आहेत. मात्र त्या प्रयोगात पहिल्या पानानंतर चौघेही बावन्न पाने दिसत असल्याप्रमाणे खेळतात. तेथे भिडूला काही सांगण्याची गरजच नाही. म्हणजे पान तेथे चाल म्हणून मोजले गेले, उच्चार म्हणून नव्हे. त्यांच्या पुस्तकांनी कोणता रंग उतरावा हा विचार बदलला. रंग ठरल्यावर, तो लांब असेल तर, वरून चौथे पान उतरणारे खेळाडू मात्र आजही पुष्कळ आहेत.