एका साखरेपायी

डुकरांचे अवयव माणसाला बसवता यावेत म्हणून झटणाऱ्या रेव्हिविकॉर कंपनीचे कूळ डॉली या क्लोन मेंढीचे. तिच्या जन्मात रॉझलिन संस्थेबरोबर वाटा असलेल्या स्कॉटलंडच्या पीपीएल थेरप्युटिक्स कंपनीची एक शाखा अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या ब्लॅक्सबर्गला होती. तिथे 5 मार्च 2000 रोजी डुकराची पाच क्लोन पिल्ले जन्मली. एकीचे नाव हृदयरोपण करणाऱ्या ख्रिस्तियान बर्नार्ड यांच्यावरून क्रिस्टा, दोघींची रक्तवाहिन्या शिवण्याची रीत घालून देणाऱ्या अलेक्सिस कॅरेल यांच्यावरून. कुठे पोहोचायचे आहे, हे बारशातच ठरले होते.

वाट अडवून होती आल्फा-गॅल ही साखर. डुकराच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ती दाटीने असते. माणसात ती घडवणारे जनुक निकामी आहे. आपल्या आतड्यांतल्या जिवाणूंवर मात्र ती असते, म्हणून तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात कायम तयार असतात. डुकराचा अवयव जोडला की ती त्यावर तुटून पडतात. काही मिनिटांत, फार तर काही तासांत, अवयव काळानिळा होऊन बंद पडतो.

तेव्हा ते जनुकच बंद करायचे. त्याच्या प्रती दोन. एक बंद केलेली पिल्ले 2001 च्या नाताळात जन्मली. दुसरीसाठी योजलेली युक्ती मला या साऱ्या वाटचालीत सर्वांत देखणी वाटते. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचे एक विष नेमके आल्फा-गॅललाच चिकटते. ते एक प्रत बंद असलेल्या पेशींवर सोडले. साखर असलेल्या पेशी सुटून गेल्या. तगलेल्या पेशींत जनुकाची दुसरी प्रत आपोआपच बिघडलेली सापडली, अवघे एक अक्षर बदलून! जुलै 2002 मध्ये त्यांच्यापासून आल्फा-गॅल अजिबात नसलेली चार निरोगी पिल्ले जन्माला आली.

2003 मध्ये ही शाखा रेव्हिविकॉर या नावाने स्वतंत्र झाली, 2011 मध्ये युनायटेड थेरप्युटिक्सकडे गेली. एक साखर गेली तरी माणसाच्या प्रतिपिंडांना खुपणाऱ्या आणखी दोन उरल्या होत्या. त्यांची जनुकेही बंद झाली. अवयव बेसुमार वाढू नये म्हणून वाढ-संप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक थांबवले, माणसाची सहा जनुके घातली. असे दहा बदल.

अशा डुकराचे हृदय 7 जानेवारी 2022 रोजी मेरीलँड विद्यापीठात 57 वर्षांच्या रुग्णाला बसवले. ते काळेनिळे पडले नाही, धडधडत राहिले. रुग्ण दोन महिने जगला. नोव्हेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कला एका स्त्रीला दिलेले अशाच डुकराचे मूत्रपिंड 130 दिवस चालले. संसर्गामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करावी लागली, शरीराने ते नाकारले आणि ती पुन्हा डायलिसिसवर गेली. त्याआधीच, फेब्रुवारी 2025 मध्ये, अशा मूत्रपिंडांच्या रीतसर चाचणीला परवानगी मिळाली होती. सुरुवात सहा रुग्णांपासून.