गंगाराम तांबटांचा गेंडा

हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत. याच घराण्यातल्या सवाई माधवरावांचे नाना फडणवीसांसह तैलचित्र १७९२ मध्ये रंगवले स्कॉटलंडच्या जेम्स वेल्सने. तो मुंबईत उतरला १७९१ मध्ये. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिचे श्रेय त्याला आणि इंग्रज वकील मॅलेटला देतात. ते रास्तच, पण पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा गंगाराम तांबटांनी १७९० मध्येच रंगवला होता! पुढे त्यांनी वेरूळची लेणीही रेखाटली. ही चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

त्याच काळातल्या हेन्री रेबर्नला स्कॉटलंडने आपली ओळख म्हणून जपले. आपण नानांचा चेहरा लक्षात ठेवला, गंगारामांचा हात विसरलो. मला वाटते, मराठी चित्रकलेचा इतिहास त्या गेंड्यापासून सांगावा.